पंधरा शतांश आणि पंचवीस वर्षं

दीपा कर्माकरचा जन्म ९ ऑगस्ट १९९३ चा. लातूर भागात १९९३ म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी हादरली तेव्हा दूर त्रिपुरात, आगरतळ्यात, ही मुलगी पुरती दोन महिन्यांचीही नव्हती. भूकंपाच्या आगेमागे आमच्याकडे जन्मलेली पोरं-पोरी आता तिशी ओलांडून संसाराला लागली आहेत. दीपा त्यांच्याच वयाची. आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ७ ऑक्टोबर २०२४ ला, तिनं जिम्नॅस्टिक्समधून निवृत्ती घेतली.

तिच्या आणि लातूरच्या तारखा आणखी एकदा शेजारी आल्या. दुष्काळात, १२ एप्रिल २०१६ ला, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी. घागरींच्या रांगा, टँकरचे नंबर, विहिरीवरची भांडणं, यापलीकडे त्या दिवसांत कुणाला काही सुचत नव्हतं. त्याच आठवड्याच्या शेवटी रिओमधल्या पात्रता स्पर्धेत ५२.६९८ गुण मिळवून दीपा ऑलिंपिकला पात्र ठरली. जिम्नॅस्टिक्समध्ये ऑलिंपिक गाठणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याआधी भारताचे जिम्नॅस्ट ऑलिंपिकला गेले होते ते १९६४ साली टोकियोला, म्हणजे ५२ वर्षांपूर्वी, आणि ते सगळे पुरुष. बातमी मोठी होती, पण आमच्या जिल्ह्याचं लक्ष रुळांकडे लागलेलं होतं.

ऑगस्टपर्यंत पाऊस झाला होता आणि दीपाचं नाव घरोघरी पोचलं होतं. १४ ऑगस्टचा रविवार. दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडावंदन, शाळेचे पांढरे गणवेश इस्त्री करून ठेवलेले, आणि रात्री अकरा वाजून गेले तरी टीव्ही चालूच. ज्या खेळाचं नावही नीट उच्चारता येत नाही, त्या खेळासाठी मराठवाड्यातली माणसं जागली ती ही पहिलीच रात्र असावी.

त्या रात्री रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टच्या अंतिम फेरीत काय झालं हे सगळ्यांना माहीत आहे: चौथा क्रमांक, कांस्यपदक ०.१५० नं हुकलं. पण ते कसं झालं, हे फार थोड्यांना माहीत आहे. दीपाचं सगळं आयुष्य त्या 'कसं'मध्ये असल्यामुळे तिथं थोडं थांबायला हवं.

व्हॉल्ट हा प्रकार पाच-सहा सेकंदांत संपतो. पळायला जास्तीत जास्त २५ मीटर. पुढे स्प्रिंगबोर्ड आणि त्यापुढे १२५ सेंटिमीटर उंचीचं टेबल. पळत येऊन बोर्डवर दोन्ही पाय आपटायचे, हातांनी टेबलाला धक्का द्यायचा, हवेत जे काही करायचं ते करायचं आणि पलीकडच्या गादीवर पायांवर उतरायचं. गुण दोन हिश्शांत मिळतात. पहिला हिस्सा काठिण्याचा. प्रत्येक उडीचं मोल नियमपुस्तकात आधीच ठरलेलं असतं. दुसरा हिस्सा सफाईचा. तिथं १० पासून सुरुवात होते आणि चुकीगणिक कपात होत जाते. गुडघे उघडे राहिले, पाय जुळले नाहीत, उतरताना पाऊल सरकलं, की ०.१, ०.३, ०.५ अशी काट. पडलात तर सरळ १. पाय आधी टेकलेच नाहीत तर त्या उडीला शून्य. नीटच्या पेपरमध्ये बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला वजा १ हे गणित ज्यांच्या घरात बारा महिने चालतं, त्या लातूर-नांदेडच्या पालकांना हे चटकन कळेल. अवघड प्रश्न घ्यायचा की सोपा घेऊन पूर्ण गुण मिळवायचे, हाच पेच इथंही असतो.

दीपानं अवघड प्रश्न घेतला. प्रोदुनोव्हा ही उडी येलेना प्रोदुनोव्हा या रशियन मुलीनं १९९९ मध्ये पहिल्यांदा मारली, म्हणून तिच्या नावानं ओळखली जाते. टेबलावरून निघाल्यावर अंग गोळा करून पुढच्या दिशेनं लागोपाठ दोन कोलांट्या, आणि मग उतरायचं. मागच्या दिशेच्या कोलांटीत उतरण्याआधी जमीन नजरेला पडते. पुढच्या दिशेच्या कोलांटीत ती अगदी शेवटच्या क्षणापर्यंत दिसतच नाही. अंदाजानं अंग उघडायचं. उघडायला उशीर झाला तर बसकण, आणि फिरणं कमी पडलं तर मान खाली. पाठीच्या मणक्याशी खेळ आहे तो. २०१६ पर्यंत जगात पाचच बायकांनी ही उडी स्पर्धेत नीट उतरवली होती: स्वतः प्रोदुनोव्हा, डोमिनिकन रिपब्लिकची यामिलेत पेन्या, इजिप्तची फदवा महमूद, उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना आणि दीपा. त्या काळी तिचं काठिण्य ७.० धरलं जाई. व्हॉल्टमधलं ते सर्वांत मोठं मोल होतं.

रिओच्या अंतिम फेरीत दीपाच्या पहिल्या उडीला, दोन गिरक्यांच्या त्सुकाहाराला, १४.८६६ मिळाले. मग प्रोदुनोव्हा. ती उतरली पायांवरच, पण इतकी खाली बसली की क्षणभर सगळ्यांचा श्वास अडकला. तिथून उठून उभी राहिली. सफाईचे ८.२६६, एकूण १५.२६६. दोन्हींची सरासरी १५.०६६. सुवर्ण अमेरिकेच्या सिमोन बाइल्सला, १५.९६६. रौप्य रशियाच्या मारिया पासेकाला, १५.२५३. कांस्य स्वित्झर्लंडच्या जुलिया श्टाइनग्रूबरला, १५.२१६.

आता श्टाइनग्रूबर आणि दीपा यांचे आकडे शेजारी ठेवून बघा. श्टाइनग्रूबरच्या दोन उड्यांचं काठिण्य ६.२ आणि ५.८, दीपाचं ६.० आणि ७.०. म्हणजे सरासरीत दीपा अर्ध्या गुणानं पुढे होती. सफाईत मात्र ती ०.६५ नं मागे राहिली. ती वजाबाकी म्हणजे ते ०.१५०. ज्या अवघडपणानं तिला अंतिम फेरीत आणलं, त्याच्याच उतरणीवर पदक गेलं. यात नशिबाचा भाग मला फार दिसत नाही. सफाई ही लहानपणापासून, चांगल्या साधनांवर, रोजच्या रोज घासून येते. ती सफाई दीपाला का कमी पडली, याचं उत्तर रिओत नाही, आगरतळ्यात आहे.

आगरतळ्याला ब्रॉडगेजची प्रवासी रेल्वे सुरू झाली ती ३१ जुलै २०१६ ला, म्हणजे अंतिम फेरीच्या दोन आठवडे आधी. बार्शी लाइटच्या नॅरोगेजवर ज्यांची हयात गेली त्या लातूरकरांना याचा अर्थ सांगायला नको. तिन्ही बाजूंनी बांगलादेश, कोणतंही सामान यायचं तर आसामातून डोंगर वळसून. असं असूनही या गावात जिम्नॅस्टिक्सची परंपरा होती, आणि ती एका माणसानं आणली होती. दलीप सिंग हे सैन्यातून आलेले प्रशिक्षक १९६०च्या दशकात तिथं पोचले आणि तिथलेच झाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले मोंटू देबनाथ हे त्रिपुराचे पहिले अर्जुन पुरस्कार विजेते. पुढे कल्पना देबनाथला तो मिळाला. एवढ्याशा राज्यात एका खेळाची पिढ्यान्‌पिढ्या चालणारी शाळा उभी राहिली, कारण शिकवणारा टिकून राहिला.

दीपाचे वडील दुलाल कर्माकर भारतीय क्रीडा प्राधिकरणात वेटलिफ्टिंगचे प्रशिक्षक. मुलीला जिम्नॅस्टिक्समध्ये घालायचं हा त्यांचाच हट्ट. सहाव्या वर्षी ती सोमा नंदी यांच्याकडे गेली आणि मग त्यांचे पती बिश्वेश्वर नंदी यांच्याकडे. पहिल्याच तपासणीत अडचण दिसली. तिचे तळपाय सपाट होते. तळपायाला कमान नसली की धावताना, उडी घेताना आणि उतरताना अंगाचा भार नीट झेलला जात नाही. जिम्नॅस्टसाठी हा मोठाच दोष. नंदी सरांनी तिला परत पाठवलं नाही. पायाचे व्यायाम महिनोन्‌महिने करून घेतले आणि कमान हळूहळू आणली.

साधनांची गत अशी की विवेकानंद व्यायामागारात सुरुवातीच्या काळात स्प्रिंगबोर्ड जुन्या स्कूटरच्या सुट्या भागांतून बनवलेला होता. व्हॉल्टचं टेबल नाही म्हणून गाद्यांवर गाद्या रचून उंची केलेली. पावसात हॉलमध्ये पाणी शिरायचं. अशा बोर्डवर मुलगी ताकद कमावते, धीटपणा कमावते, पण प्रत्येक वेळी सारखीच उसळी मिळण्याची खात्री नसते, आणि सफाईला तीच लागते. म्हणून दीपाच्या कारकिर्दीकडे 'गरिबीतून जिद्दीनं वर आलेली मुलगी' एवढ्याच नजरेनं बघणं मला अपुरं वाटतं. जिद्द होतीच. पण त्या स्कूटरच्या बोर्डची किंमत तिनं पुढे ०.६५ च्या रूपानं मोजली, हेही त्याच गोष्टीचा भाग आहे.

२०११ च्या रांचीतल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तिनं सर्वसाधारण, म्हणजे सगळ्या साधनांच्या एकत्रित गुणांचं, आणि चारही साधनांवरचं वेगवेगळं सुवर्ण अशी पाच पदकं घेतली. त्याच्या आदल्या वर्षी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आशिष कुमारनं रौप्य आणि कांस्य घेऊन भारताचं जिम्नॅस्टिक्समधलं खातं उघडलं होतं. त्यानंतर जोर यायचा तर जिम्नॅस्टिक्स महासंघातले गटतट वर आले आणि खेळाडू टांगणीला लागले. नंदी सरांनी या सगळ्यात एक थंड डोक्याचा हिशोब केला. आपली मुलगी बारवर जगाच्या मागे आहे, बीमवर बरी आहे, व्हॉल्टवर तिच्या पायांत ताकद आहे. दोन-तीन वर्षांत जगाइतकी सफाई आणणं शक्य नाही, पण काठिण्य वाढवता येईल. म्हणून प्रोदुनोव्हा. वर्तमानपत्रांनी या उडीला 'मृत्यूची उडी' म्हणून फार मिरवलं. त्यात वेडं साहस दिसतं. गुरु-शिष्येच्या दृष्टीनं मात्र तो हातात असलेल्या साधनांतून काढलेला सगळ्यांत तर्कशुद्ध मार्ग होता.

काही महिन्यांत उडी बसवून ती २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत गेली आणि कांस्य घेऊन आली. राष्ट्रकुल जिम्नॅस्टिक्समध्ये भारतीय स्त्रीचं ते पहिलं पदक. त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत चौथी. २०१५ मध्ये हिरोशिमाला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कांस्य आणि त्याच वर्षी ग्लासगोच्या जागतिक स्पर्धेत व्हॉल्टच्या अंतिम फेरीत पाचवी. जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचणारी पहिली भारतीय. अर्जुन पुरस्कार त्याच वर्षीचा. रिओत प्राथमिक फेरीत १४.८५० गुणांनी ती आठवी आली, म्हणजे आत जाणारी शेवटची. मधल्या आठवड्यात नंदी सरांनी तिच्या फोनचं सिमकार्ड काढून घेतलं. तेविसावा वाढदिवस तिनं घरच्यांशी जेमतेम बोलून घालवला. फिजिओथेरपिस्ट तिच्यापर्यंत पोचला तो अंतिम फेरी गाठल्यावर.

इथं मराठी वाचकाच्या मनात एक प्रश्न येणारच, आणि तो यायलाही हवा. हे आगरतळ्याला जमलं, आम्हाला का नाही? अंगाच्या कसरतीत आपण काही आजचे नाही. बाळंभट दादा देवधरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मल्लखांब उभा केला. आख्यायिका अशी की हैदराबादच्या निजामाकडच्या अली आणि गुलाब या दोन पैलवानांनी पेशव्यांच्या दरबारात आव्हान दिलं, आणि त्याला उत्तर देण्यासाठी तरुण बाळंभट सप्तशृंगीला गेले. तिथं माकडांच्या उड्या बघून त्यांना ही विद्या सुचली. म्हणजे आपला मराठवाडा तेव्हा ज्या निजामाच्या मुलखात होता, तिथले पैलवान या कथेत समोरच्या बाजूला उभे आहेत. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथं जाऊन देशी व्यायामांची प्रात्यक्षिकं केली. १९६४ ला टोकियोला गेलेल्या भारताच्या सहा जिम्नॅस्टांमध्ये बंडू भोसले आणि विठ्ठल करंडे ही दोन मराठी नावं आहेत. एवढी दोन नावं शाळेच्या पुस्तकात यायला हवी होती. ती आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहेत?

मराठवाड्यात मातीची ओढ कुस्तीकडे. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत कुस्त्यांचा फड आजही भरतो, आणि लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांचं रुस्तुम-ए-हिंद हे नाव जुनी माणसं अजून अभिमानानं घेतात. त्याच यात्रांमध्ये दोरीवर चालणारी, बांबूवर तोल सांभाळणारी डोंबाऱ्यांची मुलंही वर्षानुवर्षं येत राहिली. चार इंच रुंदीच्या बीमवर जगातल्या मुली जे करतात, त्याच्या जवळचं काही आपल्या डोळ्यांसमोर चाललं होतं. आपण त्याच्या पुढ्यात नाणी टाकली आणि पुढे गेलो. त्या मुलांचं नाव कुणी शाळेच्या हजेरीपटावर घातलं नाही, मग खेळाडूंच्या यादीत कुठून घालणार? मला हे फार लागतं.

आज मराठवाड्यात आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्स शिकायचं तर मुख्य जागा छत्रपती संभाजीनगर. क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र तिथं आहे आणि त्याच्या आधारानं शहरात हा खेळ रुजला. लातूर-नांदेडकडे आलं की चित्र पालटतं. इथं बुद्धी आणि कष्ट यांची कमी नाही. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या गुणवत्ता याद्यांतून लातूर पॅटर्न उभा राहिला, पुढे नांदेडनंही तोच रस्ता धरला, आणि आज राज्यभरातून मुलं या दोन गावांत खोल्या करून राहतात. पहाटेपासून रात्रीपर्यंत सराव, दर आठवड्याला चाचणी, चुकांची वही, पुन्हा सराव. जिम्नॅस्ट घडवण्याची पद्धतही याहून फार वेगळी नाही. फरक एवढाच की दहावीनंतर सुरू केलेला अभ्यास डॉक्टर करू शकतो. जिम्नॅस्टिक्सला मूल सहाव्या-सातव्या वर्षी हॉलमध्ये यावं लागतं आणि पुढची दहा वर्षं तोच माणूस समोर असावा लागतो.

एका शाळेच्या मैदानात मी एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीला निळ्या पातळ गादीवर कोलांट्या मारताना पाहिलं. तळहात आत वळवून टेकवणं, हनुवटी छातीला, उठताना हात वर. तीन सलग झाल्यावर ती गादीच्या कडेबाहेर मातीत गेली, पाय झटकले आणि पुन्हा सुरुवातीच्या टोकाला जाऊन उभी राहिली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण प्रत्येक वेळी उठल्यावर ती स्वतःच्या पावलांकडे बघत होती, जुळली की नाही ते. तिचे सर चांगले होते, मनापासून शिकवत होते. बदली कधी होईल याचा नेम नव्हता. आमच्याकडच्या खेळांची ही खरी दुखरी नस आहे. क्रीडा संकुलाची इमारत होते, उद्‌घाटन होतं, साहित्य येतं, आणि ज्यानं शिकवायचं तो तीन वर्षांत दुसऱ्या जिल्ह्यात जातो. पालकांची बाजूही मला कळते. पाच टक्के आरक्षण आणि बारावीचे वाढीव गुण एवढाच खेळाचा भरवसा त्यांना दिसतो, आणि त्यासाठी मुलीचा गुडघा पणाला लावायला कोण तयार होईल?

तरीही याच मातीतून माणसं जातात. मुखेड तालुक्यातली भाग्यश्री जाधव व्हीलचेअरवरून गोळाफेक करत टोकियो आणि पॅरिस अशा दोन पॅरालिंपिकला गेली, आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या उद्‌घाटन सोहळ्यात सुमित अंतिलच्या जोडीनं तिनं भारताचा ध्वज धरला. नांदेड जिल्ह्यातल्या एका मुलीचं नाव त्या रात्री जगानं ऐकलं. तेव्हा 'आपल्याकडे होणार नाही' या म्हणण्याला अर्थ नाही.

रिओनंतरच्या दीपाकडे लोकांचं लक्ष हळूहळू कमी झालं. मला मात्र तिची तीच वर्षं जास्त सांगण्यासारखी वाटतात. परत आली ती आगरतळ्यात लगेच एम.ए. राज्यशास्त्राच्या परीक्षेला बसली. पुस्तकं रिओला घेऊन गेली होती. खेलरत्न मिळाला, नंदी सरांना द्रोणाचार्य, २०१७ मध्ये तिला पद्मश्री. हैदराबादमध्ये सचिन तेंडुलकरच्या हस्ते बीएमडब्ल्यू गाडीची चावी मिळाली. पण आगरतळ्याच्या रस्त्यांवर ती चालवायची कुठं आणि दुरुस्तीला न्यायची कुठं? कर्माकर कुटुंबानं गाडी ठेवली नाही, तिच्याऐवजी रक्कम घेतली आणि गावात चालेल अशी गाडी विकत आणली. त्या घराचा जमिनीवरचा पाय यातून कळतो.

मग गुडघा. एप्रिल २०१७ मध्ये मुंबईत डॉ. अनंत जोशींनी तिच्या गुडघ्याच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया केली. २०१८ ची राष्ट्रकुल स्पर्धा हुकली. जुलै २०१८ मध्ये तुर्कस्तानात मेर्सिनच्या वर्ल्ड चॅलेंज कपमध्ये ती परतली आणि व्हॉल्टचं सुवर्ण जिंकलं, सरासरी १४.१५०. जागतिक पातळीच्या स्पर्धेत भारतीय जिम्नॅस्टचं ते पहिलं सुवर्ण. तिथं प्रोदुनोव्हा नव्हती. काठिण्य ५.४ आणि ५.६, सफाई ८.७ आणि ८.६. रिओच्या प्रोदुनोव्हाच्या ८.२६६ शी हे ताडून बघा. दुखरा गुडघा घेऊन, पंचविशीला टेकलेल्या वयात, ही मुलगी सफाई शिकत होती. ज्या वयात बहुतेक मुली हा खेळ सोडून देतात त्या वयात. त्याच वर्षी कॉटबसच्या विश्वचषकात कांस्य. जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत गुडघा पुन्हा दुखावला, तरी बीमवर पाचवी. मार्च २०१९ मध्ये बाकूला पुन्हा दुखापत, पुन्हा शस्त्रक्रिया, आणि टोकियोचं ऑलिंपिक हुकलं. टोकियोला प्रणती नायक गेली, ऑलिंपिक गाठणारी दुसरी भारतीय महिला जिम्नॅस्ट.

यानंतरची गोष्ट टाळून चालणार नाही. ११ ऑक्टोबर २०२१ ला स्पर्धेबाहेर घेतलेल्या नमुन्यात तिच्या शरीरात हायजेनामाइन हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं आणि २१ महिन्यांची बंदी लागली. फेब्रुवारी २०२३ मध्ये हे जाहीर झालं. आपण ते नकळत घेतलं, कशातून आलं ते आपल्याला कळलं नाही, असं तिनं सांगितलं. नियम याबाबत कठोर आहे: शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. तो नियम असाच असायला हवा, दीपासाठीही. पण दोन शस्त्रक्रियांनंतर औषधं आणि पूरक आहार यांच्या जंगलातून चालणाऱ्या खेळाडूला डब्यावरचं प्रत्येक नाव वाचून देणारं माणूस शेजारी असणं, ही चैन नव्हे. रिओत फिजिओ उशिरा पोचणं आणि पुढे हे घडणं, या दोन्हींच्या मुळाशी मला एकच हयगय दिसते.

बंदी १० जुलै २०२३ ला संपली. लगेचच्या निवड चाचणीत ती अव्वल आली, पण आधीच्या बारा महिन्यांच्या कामगिरीच्या निकषावर हांगझोच्या आशियाई स्पर्धेसाठी तिची निवड झाली नाही. बंदीत असलेल्या खेळाडूची बारा महिन्यांची कामगिरी कुठून येणार होती? तिशी गाठलेली, दोनदा गुडघा उघडलेला, डोपिंगचा डाग लागलेला. तेव्हाच थांबली असती तर कुणी बोल लावला नसता. ती पुन्हा आगरतळ्याच्या हॉलमध्ये गेली. जानेवारी २०२४ मध्ये भुवनेश्वरला राष्ट्रीय स्पर्धेत सर्वसाधारण सुवर्ण. मे महिन्यात ताश्कंदला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत व्हॉल्टचं सुवर्ण, १३.५६६ गुण, उत्तर कोरियाच्या दोघी तिच्या मागे. आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारतीय जिम्नॅस्टला सुवर्ण मिळण्याची ती पहिलीच वेळ. रिओच्या रात्रीपेक्षा दीड गुण कमी आहेत हे. माझ्या लेखी या दीड गुणाखाली गेलेली आठ वर्षं तिच्या कारकिर्दीतला सगळ्यांत मोठा भाग आहेत, आणि त्या दुपारी ताश्कंदकडे बघत आमच्याकडे कुणी जागलं नव्हतं.

पॅरिस ऑलिंपिकचं तिकीट मिळालं नाही. ऑक्टोबरमध्ये निवृत्तीचं निवेदन आलं. ताश्कंदपर्यंत शरीराला अजून पुढे रेटता येईल असं वाटत होतं, आता शरीर विश्रांती मागतंय, मनाला मात्र ते पटत नाही, असं तिनं त्यात लिहिलं. सपाट तळपायांमुळे जिला तू कधीच जिम्नॅस्ट होणार नाहीस असं सांगितलं गेलं त्या पाच वर्षांच्या दीपाची आठवण काढली. पुढे आपल्यासारख्या मुलींना शिकवावं, अशी इच्छा सांगितली. आणि बिश्वेश्वर नंदी सर आणि सोमा मॅडम यांचे आभार मानले. दोघांनी तिला २५ वर्षं शिकवलं होतं.